वहीतले देणे

नववीच्या चाचणीचे कागद शोधताना कपाटात एक शंभर पानी वही हाती लागली. अक्षर यांचे. प्रत्येक ओळीत महिन्याचे नाव, एक आकडा आणि पुढे फक्त ‘हिचे’. पहिली नोंद जुलै २०२०.

त्या वर्षी हे कुवेतहून कायमचे परत आले. कंपनीने माणसे कमी केली होती. पुढची अडीच वर्षे घर माझ्या पगारावर चालले. आमच्या कोकणात असे कितीतरी घरांत झाले, फक्त कोणी बोलत नाही.

खरे सांगते, मला राग आला. नवरा-बायकोत हिशोब कसला? संध्याकाळी चहाबरोबर वही समोर ठेवली.

“मौलानांना विचारलं होतं,” हे म्हणाले. “आपल्या मजहबात ते कर्ज आहे.”

बायकोचे अन्न, वस्त्र, निवारा नवऱ्याच्या जिम्मे, ती श्रीमंत असली तरी, आणि तेही त्याच्या ऐपतीप्रमाणे, हे मी मुलींना कित्येकदा समजावले आहे. सूरह निसा आणि सूरह तलाकचा आधारही दिला आहे. पण थकलेल्या नफक्याचे काय, हे मला कोणी विचारले नव्हते. हनफी मजहबात काझीचा हुकूम किंवा आपसातला ठराव नसेल तर मागचा नफका सहसा बुडतो. आम्ही कोकणी शाफई. आमच्यात तो बायकोने माफ करीपर्यंत नवऱ्याच्या डोक्यावर राहतो. मुलांचा मागचा खर्च तसा उरत नाही, म्हणून वहीत फक्त माझे नाव.

“आणि महिन्याला तेराशेच?” मी विचारले. “एवढ्यात माझं जेवण आणि कपडे?”

“तंगीतल्या माणसाचा दर लावलाय. रोज एक मुद्द धान्य, म्हणजे दोन्ही हातांची ओंजळभर, आणि वरचं थोडंफार. श्रीमंताला दोन मुद्द.”

मला हसू आले. मग मी हजरत जैनब (रजि.) यांची हदीस सांगितली. पती अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) तंगीत होते. त्यांच्यावर आपण खर्च केला तर चालेल का, असे त्यांनी विचारले, तेव्हा प्रेषितांनी (स.) दुहेरी सवाब सांगितला, एक नात्याचा, एक सदक्याचा. “मग माझाही सदकाच समजा,” मी म्हटले.

हे जरा वेळ गप्प राहिले. “त्यांनी नंतर बोलून दाखवलं नसेल.”

मी दोनदा बोलून दाखवले होते. एकदा गॅसच्या सिलिंडरवरून, आणि एकदा सासूबाईंच्या समोर, जे आठवले की अजून मान खाली जाते. दिलेला सदका टोमण्याने वाया जातो, हे कुरआनचे सांगणे मी फळ्यावर लिहिलेले आहे. बीएडची पदवी घरात नेमकी कुठे जाते कोण जाणे.

शाळेत एका मुलीची आई येते. तिचा नवरा मुंबईत कमावतो आणि चार वर्षे पैसा पाठवत नाही. १९३९ च्या कायद्याने दोन वर्षे नफका न मिळणे हे निकाह तोडण्याचे कारण होते, हे मी तिला सांगितले आहे. परवा ती आली तेव्हा मला आमच्या वहीची आठवण झाली.

हे आता शाळेची गाडी चालवतात. घरखर्च देऊन वर दर महिन्याला पाचशे रुपये माझ्या डब्यात टाकतात. “माफ केलं,” असे मी दोनदा म्हणायला गेले. “थांब,” म्हणाले, “अजून देता येतंय मला.”

एकोणचाळीस हजारांपैकी अकरा हजार फिटले आहेत. डब्याला मी हात लावलेला नाही.