वजनावर विकलेली ऊब

कोळशाच्या जुन्या शेगड्या जमवणारे लोक युरोप-अमेरिकेत पुष्कळ आहेत, आणि अशी एखादी शेगडी समोर आली की ते आधी तिच्या दारावरची अक्षरं वाचतात. फ्रान्समध्ये ज्याँ-बाप्तिस्त गोदँ या माणसानं १८४०मध्ये पत्र्याऐवजी बिडाची शेगडी करण्याचं पेटंट घेतलं, आणि गीझ या गावी काढलेल्या कारखान्याच्या कमाईतून १८५९पासून कामगारांसाठी राजवाड्यासारखी वसाहत उभारली. ती वसाहत लोक आजही पाहायला जातात. अमेरिकेत मिशिगनमधल्या डोवाजियाक गावाची ओळखच मुळी ‘राउंड ओक’ या शेगडीची. डेट्रॉइटच्या ‘गारलँड’ शेगडीवाल्यांनी तर १८९३च्या शिकागो प्रदर्शनासाठी दोन मजली घराएवढी शेगडी उभी केली होती. ती होती लाकडाची, लोखंडासारखा रंग दिलेली, आणि २०११ साली वीज पडून जळून गेली. शेगडीनं जळून जावं यातला विनोद बाजूला ठेवू. सांगायचं एवढंच की तिकडे शेगडीला कर्ता आहे, गाव आहे, साल आहे. ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात असा छंद कोणाला लागलेला दिसत नाही. त्यावर तयार उत्तर असतं: इथे थंडी कुठे पडते? घामाच्या धारांत शेगडीचा इतिहास शोधायचा कशाला?

हे उत्तर मला पटत नाही. इथे खोली तापवायची गरज नव्हती, हे खरं. पण ऊब लागतच होती, आणि ती थेट अंगाला, पाण्याला नि कपड्याला दिली जात होती. मागच्या शतकात या भागात जन्मलेल्या माणसाला निखाऱ्याची पहिली भेट आयुष्याच्या पहिल्या आठवड्यातच होई. बाळंतिणीच्या बाजेखाली कोळशाची शेगडी सरकवलेली असे, निखाऱ्यांवर ओवा-वावडिंग टाकून शेक-धुरी चाले, आणि तेलपाणी झालेलं बाळ त्या धुरातून अलगद फिरवलं जाई. पुढे पावसाळ्यात, जेव्हा आठ-आठ दिवस दांडीवरचे कपडे वाळत नसत, तेव्हा शेगडीवर वेताची टोपली पालथी घालून तिच्यावर लंगोट, झबली, शाळेचे सदरे टाकले जात; त्या सदऱ्यांचा धुरकट वास वर्गभर पसरे आणि कोणाला त्याचं काही वाटत नसे, कारण तो सगळ्यांच्याच अंगाला येई. इस्त्रीच्या पोटातही तेच निखारे. म्हातारपणी गुडघ्याला लावायचं तेल शेगडीवर कोमट होई, विटकरीचा तुकडा तापवून फडक्यात गुंडाळून कंबर शेकली जाई. आणि या सगळ्या वर्षांत, रोज पहाटे, मोरीच्या कोपऱ्यात किंवा परसात उभा असे तो बंब. दिवाळीच्या अभ्यंगस्नानाला त्याच्या गळ्यात झेंडूची माळ पडे, एवढाच काय तो त्याचा सण.

बंब ही आपली तापवण्याची शेगडी, आणि ती नुसतं भांडं नाही, ते यंत्र आहे, हा माझा मुद्दा. तांब्याचं उभं पिंप, मधोमध आरपार गेलेलं नळकांडं, नळकांड्याच्या तळाशी जाळी, जाळीखाली राखेची जागा, बाजूला पितळी तोटी. विस्तव मधे आणि पाणी त्याच्या सगळ्या बाजूंनी. चुलीवर ठेवलेल्या हंड्याला फक्त बुडाशी आच लागते आणि उरलेली उष्णता घरभर नि डोळ्यांत जाते. बंबात ती बाहेर पडायच्या आधी पाण्याला भेटते. नळकांडंच धुराडं होतं, खालून हवा ओढतं, आणि एकदा धग धरली की करवंट्या, शेंड्या, गोवऱ्या, लाकडाचे छिलके, काहीही चालतं. वापरण्याची रीतही यंत्राला शोभेशी: जेवढं कढत काढलं तेवढं गार वरून ओतायचं, म्हणजे शेवटच्या माणसालाही ऊन पाणी मिळतं, आणि रिकामा बंब कधी पेटवायचा नाही, नाहीतर सांध्यांचा डाख वितळतो. आगगाडीचं इंजिन पाहिलेल्या कोणालाही या रचनेत उभ्या बॉयलरची चुलत बहीण दिसेल. आता कोणी म्हणेल की विषय दगडी कोळशाचा आहे आणि बंब तर पालापाचोळ्यावरही चालतो. मान्य. वखारीतून पोत्यानं यायचा तो लाकडी कोळसा, आणि घरोघर दगडी कोळसा पेटवायची सवय इथे कधीच नव्हती. पण जळण कोणतं यावरून यंत्राची जात ठरत नाही; गोदँची शेगडीसुद्धा लाकूड खाते. शिवाय दगडी कोळसा या भागाला परका मुळीच नव्हता. १८५३ साली ठाण्याला आणि पुढच्याच वर्षी कल्याणला पोचलेली गाडी त्याच्यावरच धावत होती. १९२९च्या सुमारास ठाकुर्लीला रेल्वेचं चोळा पॉवर हाऊस सुरू झालं, तेही कोळसा जाळून पाण्याची वाफ करी आणि त्या विजेवर गाड्या घाट चढत. त्याच्या आसपासच्या चाळींत बंबही पाणीच तापवत होते.

मग कर्त्याचं नाव कुठे गेलं? आपल्या तांब्यापितळेच्या भांड्यांवर अक्षरं नसतात असं नाही. उलट, आपल्याइतकी भांड्यांवर नावं घालणारी माणसं थोडी असतील. लग्नात कोणी कोणाला काय दिलं, कोणाच्या स्मरणार्थ दिलं, कोणत्या तिथीला दिलं, हे टिंबाटिंबांनी कोरलेलं असतं. ते नाव असतं मालकाचं किंवा देणाऱ्याचं. घडवणाऱ्याचं नसतं. याचं कारण म्हणून कारागिराला आपण खालच्या पायरीवर ठेवलं, असं म्हणायची पद्धत आहे. त्यात तथ्य आहे, पण ते पुरेसं नाही, कारण त्याच समाजानं किर्लोस्करांच्या नांगरावरचं नाव आनंदानं वाचलं. मला खरं कारण तराजूत दिसतं. बंब विकला जाई वजनावर: तांब्याचा त्या दिवसाचा भाव, अधिक घडणावळ, वजा जुन्या भांड्याची मोड. गिऱ्हाईक जे विकत घेई ते मुख्यतः तांबं असे, म्हणजे घरातली शिल्लक. यंत्र त्याच्यासोबत येई. तांबं खरं की खोटं हे काटा, रंग आणि नादावरून दुकानातच कळत होतं. बिडाच्या शेगडीचं तसं नाही. ती ओढ कशी धरते, तापल्यावर तडकते का, रात्रभर कोळसा टिकवते का, हे घरी नेऊन हिवाळा काढल्याशिवाय कळत नाही. जिथे डोळ्यांनी खात्री होत नाही तिथे नावावर विश्वास ठेवावा लागतो, म्हणून तिथे नाव ओतलं गेलं. आपला १९२३चा बॉयलर कायदा हेच दुसऱ्या बाजूनं सांगत होता. दाबाखाली वाफ कोंडणाऱ्या, पावणेतेवीस लिटरपेक्षा मोठ्या बंद पात्राची नोंदणी करायला तो लावी, कारण ते फुटलं तर कोणाला धरायचं हे ठाऊक असायला हवं. बंब वरून उघडा. तो फुटत नाही, आणि म्हणून त्याच्या कर्त्याला कधी कोणी शोधत आलं नाही.

यावर एक जबर आक्षेप आहे आणि तो रशियातून येतो. समोवार म्हणजे बंबाचा सख्खा भाऊ: मधे विस्तवाचं नळकांडं, भोवती पाणी, खाली तोटी. तोही तांब्यापितळेचा, आणि तोही वजनावर विकला जाई. तरीही तूला शहरातल्या समोवारांवर घडवणाऱ्याचा शिक्का असतो, शिवाय प्रदर्शनांत मिळालेली पदकं ओळीनं उठवलेली असतात. लिसित्सिन बंधूंचा कारखाना १७७८चा, पुढे बाताशेव घराणं आलं, आणि या नावांवर तिकडे जाडजूड ग्रंथ आहेत. म्हणजे तराजूनं नाव पुसलं हे माझं म्हणणं कोसळलं की काय? मला वाटतं ते कोसळत नाही, फक्त त्यात एक अट वाढते. तूलाचा समोवार शेकडो कोस दूरच्या जत्रांत, अनोळखी गिऱ्हाइकासमोर, दुसऱ्या दहा कारखान्यांच्या समोवारांशेजारी उभा राहत होता. नकलांची भीती होती, पदकांची मिरवणूक होती. आपल्याकडचा तांबट त्या बाजारात उतरलाच नाही. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत त्वष्टा कासारांची घरं पेशवाईपासून ठोकत बसली आहेत. त्यांच्या मठारकामात, म्हणजे हातोडीच्या ठोक्यांनी पत्र्यावर उठवलेल्या एकसारख्या चकाकत्या ठिपक्यांत, सही इतकीच स्पष्ट ओळख असते. पण ती ओळखणारा होता भांड्यांचा व्यापारी. ठाण्याच्या किंवा कल्याणच्या बाजारपेठेत गिऱ्हाइकाला चेहरा दिसे तो व्यापाऱ्याचा, आणि भरवसाही त्याच्यावरच. भांडं कोणाच्या हातचं हे सांगणं त्याच्या सोयीचं नव्हतं. सांगितलं असतं तर गिऱ्हाईक पुढच्या खेपेला गाडी पकडून थेट पुण्याला गेलं असतं.

वजनावर विकलं गेल्याची दुसरी किंमत बंबाला शेवटी चुकवावी लागली. बिडाच्या मोडीला भाव फारसा नाही आणि ती उचलताना कंबर मोडते, म्हणून तिकडच्या कितीतरी शेगड्या तळघरात पडून राहिल्या आणि कालांतराने ‘पुराणवस्तू’ झाल्या. तांब्याला असं विस्मरणात पडून राहता येत नाही. डोंबिवलीत चाळी आणि वाडे पाडून ओनरशिपचे ब्लॉक उठले, न्हाणीघर चार बाय चारचं झालं, त्याला धूर जाईल अशी वाट उरली नाही, परस तर नाहीच. आणि त्याच सुमारास स्टेनलेस स्टील, गॅस आणि गीझर घरात आले. बंब अडगळ झाला, पण महाग अडगळ. तो मोडीत गेला, त्याचं स्टीलचं पिंप झालं, कधी मुलाची फी झाली. जे वाचले ते आता हॉटेलच्या दारात झाडाची कुंडी होऊन उभे आहेत, किंवा चोरबाजारात त्यांना पॉलिश करून ‘अँटिक’ म्हणून विकतात. बहुधा तोटी गेलेली, जाळी हरवलेली, म्हणजे यंत्र नाहीसं होऊन पुन्हा फक्त तांबं उरलेलं. सातारा-सांगली-कोल्हापूरकडच्या खेड्यांत बंब अजून पेटतो, पण तो आता पुष्कळदा पत्र्याचा असतो.

हे सगळं उगाच गोंजारणं आहे, असाही आक्षेप येईल, आणि तो सर्वांत रास्त आहे. पहाटे चारला उठून बंब पेटवायचं काम घरातल्या कोणाच्या वाट्याला येत होतं, ते सर्वांना माहीत आहे. गीझरच्या खटक्यानं त्या बाईची जेवढी झोप वाचवली तेवढी कोणत्याही सुधारकानं वाचवली नसेल. बंद खोलीत बाजेखाली शेगडी ठेवणं म्हणजे बाळ-बाळंतिणीला कार्बन मोनॉक्साइडच्या तोंडी देणं होतं, म्हणून डॉक्टर ते बंद करायला सांगतात आणि बरोबर सांगतात. मी बंब परत आणा म्हणत नाही. गोदँची शेगडी संग्रहालयात ठेवणारे तरी कुठे तिच्यावर हिवाळा काढतात? वस्तू वापरातून जाणं वेगळं आणि तिची विद्या हिशेबातून जाणं वेगळं. आणि हिशेब मांडायचाच तर तो तांबटापाशी थांबवता येत नाही. वखारीतला कोळसा शहापूर-मुरबाडच्या जंगलपट्ट्यातून येत होता. कोळशाच्या भट्ट्यांवर कोकणपट्टीत पिढ्यान्‌पिढ्या राबले ते कातकरी, आगाऊ घेतलेल्या उचलीत बांधले जाऊन, कुटुंबकबिल्यासह, पावसाळा संपल्यापासून पुढचा पावसाळा येईपर्यंत. तांबटाची निदान हातोडी पत्र्यावर उमटते. भट्टी लावणाऱ्याचं काम तर न्हाणीघरात राख होऊनच पोचायचं, आणि त्या राखेनं भांडी घासली जायची.

म्हणून बंबाच्या कर्त्यांची नावं शोधायची तर बंबावर शोधून उपयोग नाही. त्याच्यावरचं देणाऱ्याचं नाव, गाव आणि तिथी मात्र उपयोगी आहे, कारण तेवढ्यावरून कोणत्या पेठेतल्या कोणत्या साली झालेल्या खरेदीमागे लागायचं ते कळतं. तिथून पुढचा रस्ता भांड्यांच्या जुन्या दुकानदारांच्या खतावण्यांत जातो. ज्याला वजनावर माल घ्यायचा आणि घडणावळ वेगळी चुकती करायची, त्याला कोणाकडून किती शेर आले आणि कोणाला किती दिले हे लिहून ठेवावंच लागणार. गिऱ्हाइकाला न सांगितलेलं नाव त्यानं स्वतःच्या वहीत नक्की लिहिलं असणार, बहुतेक मोडीत. कल्याणच्या नि ठाण्याच्या बाजारपेठेतली अशी दुकानं एकेक करून पुनर्विकासात निघाली आहेत, आणि माळ्यावरच्या वह्यांची रद्दीही वजनावरच जाते.