डोंगर क्षितिज लपवतो तेव्हा

ऑगस्ट १९९४ मध्ये स्विस आल्प्समध्ये ग्लायडरच्या अपघातात क्लाउस होलिगहाउस गेले. सिरस, निम्बस, व्हेंटस ही जगभर उडणारी ग्लायडरं त्यांनीच रेखलेली; शेम्प-हिर्थ कारखान्याचे ते सर्वेसर्वा आणि स्वतः अव्वल वैमानिक. संपादकांनी डोंगरालगतच्या उड्डाणांवर लिहायला सांगितलं, तेव्हा प्रस्तुत लेखकाला आधी तेच आठवले.

लोकांची भीती भलत्याच जागी असते. ‘इंजिन नाही, मग पडत कसं नाही?’ हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरचं नाव काढलं की पुण्यातही हाच प्रश्न येतो, वर कामशेतच्या पॅराग्लायडिंगशी गल्लत होते ती वेगळीच. उत्तम ग्लायडर एक किलोमीटर उंचीवरून शांत हवेत पन्नास किलोमीटर जातं. डोंगरावर थडकलेला वारा उतारावरून वर चढतो, त्यावर तर ते तासन्‌तास तरंगतं. १९२२ साली जर्मनीतल्या वासरकुप्पे डोंगरावर आर्थर मार्टेन्स तासाभराहून जास्त वेळ हवेत राहिले, ते याच वाऱ्याच्या बळावर.

पण हा वारा हवा तर उताराजवळ जावं लागतं, आणि तिथे डोळे दगा देतात.

मैदानावर वैमानिक ग्लायडरचं नाक क्षितिजाशी जुळवतो. दरीत खरं क्षितिज दिसतच नाही. दिसतो तो उंच कडा. नजर नकळत त्यालाच क्षितिज मानते, नाक वर जातं, वेग उतरतो. त्यात वारा पाठीमागून असला, तर शेजारची झाडं भराभर मागे पळतात आणि वेग भरपूर आहे असं वाटतं. पंखांना मात्र जमिनीवरच्या वेगाशी देणंघेणं नसतं, हवेतल्या वेगाशी असतं. सरळ उडताना ताशी ७० किलोमीटरला स्टॉल होणारं, म्हणजे पंखांची उचल गमावणारं ग्लायडर ४५ अंश कललेल्या वळणात ८३ लाच स्टॉल होतं. एक पंख आधी ढासळतो, गिरकी सुरू होते. सावरायला उंची लागते, आणि खाली उतार असतो. ताशी ९० वेगाने पन्नास मीटर म्हणजे दोन सेकंद.

‘ग्लायडिंगमधला सर्वांत धोकादायक भाग म्हणजे विमानतळापर्यंतचा मोटारप्रवास’ हे वाक्य क्लबांमध्ये अजून ऐकू येतं. ते खोटं आहे. जगज्जेते ब्रुनो गांटेनब्रिंक यांनी गमावलेल्या मित्रांची आठवण काढत ते जाहीरपणे खोडून काढलं. नवशिक्यांसमोर हे वाक्य उच्चारणाऱ्यांचा प्रस्तुत लेखकाला राग येतो.

नियम साधे आहेत: वेग राखीव ठेवायचा, वळण नेहमी दरीकडे घ्यायचं, माथ्याच्या बऱ्यापैकी वर गेल्याशिवाय पूर्ण चक्कर मारायची नाही. काचेवर चिकटवलेला लोकरीचा धागा सरळ आहे ना, हे पाहत राहायचं. अशात एखादा थर्मल, म्हणजे वर चढणाऱ्या गरम हवेचा झोत, डोंगराकडचा पंख उचलतो, चढ-उतार सांगणारा व्हेरिओ जोरात वाजू लागतो, आणि चांगल्या मुरलेल्या वैमानिकाचाही हात स्टिक त्याच बाजूला, उताराकडे, झुकवू पाहतो.