हामेल्नचे थकलेले देणे

जर्मनीतील हानोफर शहरापासून आगगाडीने पाऊण तासाच्या अंतरावर, वेझर नदीच्या काठी हामेल्न नावाचे गाव आहे. इंग्रजी क्रमिक पुस्तकांमुळे आपल्याकडे ते हॅमेलिन या नावाने अधिक परिचित आहे. धान्य, पाणचक्क्या आणि नदीवरील मालवाहतूक यांच्या बळावर हे गाव वाढले. उत्तर युरोपातील व्यापारी नगरांच्या हान्से या प्रसिद्ध संघाचे ते १४२६ पासून १५७२ पर्यंत सभासद होते. त्या समृद्धीच्या खुणा मुख्य पेठेत अजून दिसतात. कोरीव दगडी दर्शनी भिंतींची, उतरत्या छपरांची जुनी घरे अंगाला अंग लावून उभी आहेत. फरसबंदीत जागोजाग उंदराची चिन्हे बसवलेली असून त्यांच्या मागोमाग चालत गेले की सारे गाव पाहून होते.

या घरांपैकी एक घर १६०२-०३ च्या सुमारास नगरसभेच्या एका सभासदाने बांधले. त्याच्या बाजूच्या भिंतीवर एक लेख कोरलेला आहे. १२८४ साली जून महिन्याच्या २६ तारखेला, रंगीबेरंगी वस्त्रे ल्यालेल्या एका वादकाने हामेल्नमध्ये जन्मलेली १३० मुले गावाबाहेर नेली आणि ती टेकडीपाशी नाहीशी झाली, असा त्याचा आशय आहे. सभ्य व्यापारी माणूस आपल्या नव्या वास्तूच्या भिंतीवर देवाचे नाव, शुभवचन किंवा कुळाचे चिन्ह कोरतो. येथे मात्र गावाने गमावलेल्या लेकरांची संख्या कोरली आहे.

लेख ज्या बाजूस आहे तेथून एक अरुंद गल्ली जाते. तिचे नाव बुंगेलोझेनश्ट्रासे, म्हणजे ढोलाविना गल्ली. मुले याच वाटेने गेली अशी समजूत असल्याने येथे वाद्य वाजवू नये, नाचू नये, असा दंडक आहे. लग्नाची वरात गाजत आली तरी या गल्लीच्या तोंडाशी वाजंत्री थांबतात आणि गल्ली संपेपर्यंत वऱ्हाडी मुकाट्याने चालतात, असे गावकरी सांगतात.

हामेल्नला वर्षभर प्रवासी येतात. मात्र त्यांतील एक वर्ग वेगळा आहे. युरोपातील निरनिराळ्या देशांच्या शाळा एकत्र येऊन आपापल्या लोककथांची देवाणघेवाण करतात. अशा प्रकल्पांतील बारा-पंधरा वर्षांची मुले आपल्या शिक्षकांसह या गावी येतात, तेव्हा त्यांना त्या भिंतीसमोर उभे करण्यात एक विशेष अर्थ असतो.

या देवाणघेवाणीचा इतिहास फार जुना नाही. दोन महायुद्धांत एकमेकांची गावे बेचिराख केलेल्या राष्ट्रांनी पुढे व्यापाराच्या निमित्ताने जवळीक साधली. परंतु माल सीमेपार गेला म्हणून मने जात नाहीत, हे लवकरच ध्यानात आले. १९८७ मध्ये विद्यापीठीय विद्यार्थ्यांसाठी इरास्मस योजना सुरू झाली. १९९५ मध्ये शाळांसाठी कोमेनियस योजना आली. २००५ पासून ई-ट्विनिंगच्या द्वारे वर्गखोल्या संगणकावरून जोडल्या गेल्या, आणि २०१४ मध्ये बहुतेक योजना इरास्मस प्लस या एका नावाखाली आल्या. सामान्यतः चार-सहा देशांच्या शाळा एक विषय ठरवतात, दोनएक वर्षे त्यावर काम करतात आणि आळीपाळीने एकमेकांकडे जातात. मुले बहुधा वसतिगृहात न उतरता सवंगड्याच्या घरी राहतात. पाहुण्याला काय चालते आणि काय चालत नाही, याची विचारपूस यजमान आई आधीच करून ठेवते. आपल्याकडे चातुर्मासात पाहुणा यायचा असला की होते तशीच.

कोमेनियस हे नाव ज्याच्यावरून घेतले, तो यान आमोस कोमेन्स्की १५९२ मध्ये मोराव्हियात, म्हणजे आजच्या चेक देशात जन्मला. धर्मयुद्धाच्या धामधुमीत १६२८ मध्ये त्याला मायभूमी सोडावी लागली. पोलंड, इंग्लंड, स्वीडन, हंगेरी असे फिरत तो शाळा आणि पाठ्यपुस्तके सुधारत राहिला. मुलांसाठी चित्रांचे पुस्तक असावे ही साधी गोष्ट त्याने १६५८ मध्ये प्रत्यक्षात आणली आणि त्या पुस्तकावर युरोपातील कित्येक पिढ्या शिकल्या. १६७० मध्ये तो हॉलंडमध्ये वारला. घरी परतणे त्याला कधीच जमले नाही.

अशा प्रकल्पात प्रत्येक शाळा आपल्या गावची कथा घेऊन येते, आणि पहिल्या वेळी बहुधा ती अभिमानाचीच निवडते. पोलंडच्या क्राकूवमधील मुले वावेल टेकडीखालच्या गुहेतील अजगराची गोष्ट सांगतात. मोठमोठे सरदार हरले तेथे एका मोच्याच्या पोराने युक्ती केली, हे सांगताना त्यांचे डोळे चमकतात. एस्टोनियाची राजधानी तालिन हीही हान्से संघातील व्यापारी नगरी. तेथील कथेत शहरालगतच्या तळ्यातून दर वर्षी शरद ऋतूत एक म्हातारा वर येतो आणि वेशीवर विचारतो, ‘शहर बांधून पुरे झाले का?’ पहारेकऱ्याने ‘अजून पुष्कळ बाकी आहे’ असेच उत्तर द्यायचे. ‘झाले’ म्हटले तर म्हातारा तळे सोडून सारे शहर बुडवील. या कथेला मुले मनापासून हसतात. घराचे काम कधीच न संपल्याचा अनुभव सर्वच देशांतील मुलांना असावा.

खरी गंमत पुढे होते. रुमानियाची मुले मानोले गवंड्याची कथा मांडतात. दिवसा बांधलेला मठ रात्री ढासळे. शेवटी त्याने आपल्या पत्नीला भिंतीत चिणले, तेव्हा काम उभे राहिले. ही कथा ऐकून ग्रीसची मुले म्हणतात, ही तर आमच्या आर्ता गावच्या पुलाची हकिकत. अल्बानियाची मुले म्हणतात, आमच्या श्कोदर येथील रोझाफा किल्ल्याची. चोरी कोणी केली यावर थोडा वाद होतो, आणि मग शिक्षक नकाशा काढतात. गवंडी, बैलगाड्यांचे तांडे, व्यापारी, भाट ज्या वाटांनी फिरले त्याच वाटांनी कथाही फिरल्या. वाट मात्र तेवढ्यावर संपत नाही. कर्नाटकात तळ्याला पाणी लागावे म्हणून धाकट्या सुनेचा बळी दिल्याचे गीत गातात. आपल्या मराठी शिळासप्तमीच्या कहाणीतही राजाने बांधलेल्या तळ्याला पाणी लागेना, तेव्हा सुनेला माहेरी पाठवून तिच्या मुलाचा बळी दिल्याचे येते. फरक इतकाच की आपल्या कहाणीत आईच्या व्रतामुळे ते मूल तळ्यातून जिवंत परत मिळते. हामेल्नची मुले परत मिळत नाहीत.

यजमान म्हणून हामेल्नची पाळी येते तेव्हा त्यांना सांगायला ना शूर पोर असते, ना युक्ती. त्यांची कथा न दिलेल्या मजुरीची आहे.

कथा बहुतेकांना ठाऊक आहे. गावात उंदीर फार झाले. एक परका मनुष्य आला, त्याने अमुक रकमेला काम पत्करले, बासरी वाजवीत उंदीर नदीत नेऊन बुडवले. मग गावाने हात आखडता घेतला. रॉबर्ट ब्राउनिंग या इंग्रज कवीने १८४२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या काव्यात बोली एक हजार गिल्डरांची आहे आणि नगराध्यक्ष ऐन वेळी पन्नासांवर येतो. काम होण्यापूर्वी जी रक्कम रास्त वाटते तीच काम झाल्यावर जड वाटू लागते, हा अनुभव पेढीवर बसणाऱ्याला नवा नाही. उंदरांबरोबर उंदरांची भीतीही गेली, आणि भीती गेल्यावर हिशेब डोळ्यांत खुपू लागला. लेखी करार नव्हता, मनुष्य परका होता, त्याचे गावात कोणी नव्हते. शब्द मोडायला याहून सोयीची परिस्थिती ती कोणती! तो पुन्हा आला, बासरी वाजली, आणि या वेळी मागे मुले चालू लागली.

नदीत बुडालेल्या हजारो मुक्या जिवांबद्दल कथेत कोणीच हळहळत नाही, हे जैन वाचकाला खटकल्यावाचून राहत नाही. परंतु संशोधकांनी दाखवलेली एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. जुन्यातल्या जुन्या नोंदींत उंदीर नाहीतच. सुमारे १३०० साली चर्चच्या काचेवर या प्रसंगाचे चित्र होते, ते सतराव्या शतकात नष्ट झाले. १४४० नंतरच्या एका हस्तलिखितात वादक आहे, १३० मुले आहेत, तारीख आहे; पण उंदीर नाहीत आणि म्हणून मजुरीही नाही. वर सांगितलेल्या भिंतीवरच्या लेखातही नाहीत. दक्षिण जर्मनीतील एका सरदार घराण्याच्या बखरीत, सोळाव्या शतकाच्या मध्यानंतर, ते प्रथम दिसतात. म्हणजे मुले गेल्याचे दुःख आधीचे, आणि थोरांच्या अप्रामाणिकपणाचे कारण जवळजवळ पावणेतीनशे वर्षांनी जोडलेले. दुःखाचे कारण शोधताना लोकमानसाने शत्रूकडे किंवा दैवाकडे बोट दाखवले नाही, तर वडीलधाऱ्यांकडे दाखवले. हामेल्ननेही ही कथा नाकारली नाही, स्वतःची म्हणून सांभाळली. २०१४ मध्ये जर्मनीने तिला आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत स्थान दिले.

पाहुणी मुले विचारतात, ती १३० जणे गेली तरी कोठे? याचे निर्विवाद उत्तर नाही. अनेक अभ्यासकांचा कल असा, की ‘मुले’ म्हणजे गावचे तरुण असावेत. त्या शतकात पूर्वेकडील विरळ वस्तीच्या मुलखात जमीन कसण्यासाठी जर्मन कुटुंबे मोठ्या संख्येने जात. त्यांना गोळा करणारे दलाल गावोगाव फिरत, जमिनीचे आणि करमाफीचे आमिष दाखवत. ढोल-बासरी वाजवून लोक जमवणारा असाच एखादा चटकदार पोशाखातला दलाल म्हणजे कथेतला वादक असावा. कोणी त्या तरुणांचा माग ब्रांडेनबुर्ग आणि पोमेरानियात काढतो, कोणी मोराव्हियात. ग्रिम बंधूंनी १८१६ मध्ये छापलेल्या दंतकथेत ती मुले रुमानियातील ट्रान्सिल्व्हानियात जमिनीतून वर आली, असेही ऐकीव नोंदवले आहे. पोमेरानियाचा बराचसा भाग आज पोलंडमध्ये आहे. तेव्हा वर्गात बसलेल्या पोलिश, चेक आणि रुमानियन मुलांना एकाएकी जाणवते, की हरवलेली मुले कदाचित आपल्याच गावी पोचली असतील. पोट भरण्यासाठी मारवाड-गुजरातेतून दक्षिणेकडे आलेल्या कुटुंबांच्या वंशजांना या कल्पनेचे मोठेसे नवल वाटू नये. घर सोडून निघालेल्या पोराची मागे राहिलेल्या आईच्या तोंडी वेगळी कथा होते आणि नव्या गावी वेगळी.

ग्रिम यांच्या त्याच पाठात दोन मुले परत आल्याचे सांगितले आहे. एक आंधळे होते, एक मुके. आंधळ्याला काय घडले ते सांगता येई पण जागा दाखवता येईना. मुक्याला जागा दाखवता येई पण सांगता काहीच येईना.

हामेल्नपासून थोड्याच अंतरावर ब्युकेबेर्ग नावाची टेकडी आहे. १९३३ ते १९३७ या काळात दर वर्षी हिटलरच्या राजवटीने तेथे शेतकऱ्यांचा सुगीचा महोत्सव भरवला. लाखो लोक आले. बँड, निशाणे, गाणी यांच्या गजरात टेकडीचा उतार भरून गेला, आणि मधोमध केलेल्या वाटेने तो नेता त्यांच्यामधून चालत वर गेला. जर्मन भाषेत उंदीर पकडणाऱ्याला ‘राटेनफेंगर’ म्हणतात. गोड बोलून जनतेला विनाशाकडे नेणाऱ्या पुढाऱ्यालाही हाच शब्द लावतात. ढोलाविना गल्ली पाहून आलेल्या मुलांना ही टेकडी दाखवली, की गल्लीतली शांतता त्यांना निराळी वाटू लागते. त्या दिवशी टेकडीवर टाळ्या वाजवणाऱ्यांत हामेल्नचे सज्जन दुकानदार, शिक्षक, आईबापही असतील, हे यजमान मुलांना आपल्या पणजोबा-पणजीविषयी बोलताना उच्चारावे लागते. ते सोपे नसते. क्राकूवच्या मुलांसमोर तर मुळीच नाही. पण अजगराच्या कथेने जी मैत्री होत नाही ती अशा कबुलीने होते, असा या योजनांत काम केलेल्या शिक्षकांचा अनुभव सांगतात. आणि तो पटण्यासारखा आहे.

निरोपाच्या दिवशी पेठेतील जुन्या सभागृहाच्या भिंतीवरील घंटांचा वाद्यमेळ वाजतो. दिवसातून तीनदा तेथे झरोका उघडतो. लाकडी बासरीवाला बाहेर येतो, त्याच्यामागे उंदीर, मग मुले. पाहुणी मुले सामान घेऊन खाली उभी राहून पाहतात. मग स्थानकाकडे निघतात. यजमान कुटुंबे पोचवायला येतात. कोणी वाटेसाठी पावाची पुडी बांधून देते, कोणी पुढच्या वसंतात आमच्याकडे यायचे असे चौथ्यांदा बजावते. गाडी येण्यापूर्वी बाई फलाटावर मुलांना ओळीने उभे करतात आणि डोकी मोजतात. एकदा मोजून मन भरत नाही म्हणून पुन्हा मोजतात. आकडा बरोबर येतो, आणि मुले डब्यात चढू लागतात.