विरघळलेलं मीठ जातं कुठे?

नारपोली, भिवंडी

चि. सुनंदास,


तुझं पत्र आणि सोबतचा तुझ्या विद्यार्थ्याचा पेपर मिळाला. सहावीच्या मुलांना द्रावण कसं समजावू, एवढंच तू विचारलंस. पण 'मीठ पाण्यात टाकल्यावर नाहीसे होते' या उत्तराला तू पूर्ण गुण दिलेले पाहून मी अस्वस्थ झालो. आजोबांच्या तोंडून रंगखात्याच्या गोष्टी ऐकत वाढलेली मुलगी तू! बरोबरची खूण करताना तुझा हात अडखळला कसा नाही?

मिठाच्या खड्यात सोडियम आणि क्लोराइडचे विद्युतभारित कण एकमेकांना धरून असतात. पाण्याच्या रेणूची एक बाजू किंचित धन, दुसरी किंचित ऋण. असे रेणू खड्याला चहूबाजूंनी घेरून एकेक कण ओढून काढतात आणि त्याच्याभोवती कडं करून उभे राहतात. तेलाच्या रेणूला असा भार नाही, म्हणून तेलात मीठ तसंच तळाशी बसतं. बस्स, विद्रावक आणि द्राव्य यांची कथा एवढीच. काटा आण, मुलांसमोर 100 ग्रॅम पाण्यात 20 ग्रॅम मीठ घाल. वजन 120 भरेल. मग गेलं कुठे? 36 ग्रॅमच्या आसपास पुढचं मीठ विरघळेनासं होतं, तेही दाखव. आणि पाणी तापवलं तरी मिठाच्या बाबतीत फारसा फरक पडत नाही. साखरेचं तसं नाही, ती गरम पाण्यात कितीतरी जास्त मावते. भाईंदरची मिठागरं तू आगगाडीतून पाहिली आहेस. उन्हाने पाणी नेलं, मीठ तिथेच राहिलं.

आता मला मुख्य मुद्द्याचं बोलू दे, रंगखात्यातल्या मिठाचं. सुती कापड रिअॅक्टिव्ह रंगात टाकलं की पाण्यात धाग्यावर ऋण भार येतो. रंगाचा कणही ऋणच. दोघं एकमेकांना दूर सारतात. म्हणून टाकीत मीठ घालतात, त्यातलं सोडियम हा दुरावा कमी करतं आणि रंग धाग्याकडे सरकतो. मग सोडा घातला की तो पक्का बसतो. गडद रंगाला लिटरमागे साठ ग्रॅम मीठ आणि किलोभर कापडाला दहा लिटर पाणी धर. हिशेब कर: एका किलो कापडामागे 600 ग्रॅम मीठ! आणि त्यातलं कापडावर काहीच टिकत नाही. काम झालं की सगळं पाण्यासोबत बाहेर.

नाला लाल-निळा दिसला की लोक ओरडतात, ते योग्यच आहे. पण टाकीत तुरटी फिरवून रंग खाली बसवला, पाणी नितळ दिसू लागलं, की सगळे गप्प होतात. गाळणीने, तुरटीने मीठ निघत नाही गं! ते विरघळलेलं आहे. तिरुपूरला नोय्यल नदीचं असंच झालं आणि 2011 साली मद्रास उच्च न्यायालयाने तिथले रंगाईचे कारखाने बंद ठेवायला लावले. मीठ काढायचं तर उलट परासरण करावं लागतं, मग उरलेलं खारं पाणी आटवावं लागतं. खर्चाचं काम आहे, म्हणून टाळलं जातं. आपली कामवारी नदी वसईच्या खाडीला मिळते. पण तोवर वाटेत जमिनीत काय मुरतं, याचा घोर मला लागून राहतो.

पिण्याच्या पाण्यात विरघळलेले घटक लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत असावेत, असं भारतीय मानक सांगतं. गल्लीतल्या बोअरचं पाणी जिभेला खारट लागतं आणि शेजारची पोरं तेच पितात. 'उकळून घेतो' म्हणतात. उकळून जंतू मरतील. मीठ उरेल, उलट पाणी आटल्यावर अधिक दाट होईल. शाळेत नाहीसं होतं म्हणून शिकलेलं पोरगं मोठं झाल्यावर आणखी काय म्हणणार?

त्या मुलाला रागावू नकोस, चूक तुझी आहे. उत्तर त्याच्याकडून नव्याने लिहून घे आणि मिठाच्या पाण्याची ताटली वर्गाच्या खिडकीत उन्हात ठेव. आणि मे महिन्यात येशील तेव्हा धाकटीला बोअरच्या पाण्यात दूध कालवून देऊ नकोस. पालिकेच्या नळाचं पाणी मी भरून ठेवीन.

तुझा,
मामा