एकनळीचा साज

आमच्या सिंधुदुर्गात एखाद्याच्या घरात बंदूक आहे म्हणून तो कुणी बडा माणूस, असं समजायचं कारण नाही. कोयता असतो, पारय असते, तशी बंदूक असते. परवान्यावर कारणही साधंच, शेतीसंरक्षण. डुकरं नाचणी लोळवतात, माकडं शहाळी पाडतात, आणि आमचे बहुतेक बार आकाशातच जातात. आवाज झाला की काम झालं. डुकरावर बार टाकायचा तर 1972 च्या कायद्याप्रमाणे वन खात्याची परवानगी लागते. ती हातात पडेपर्यंत नाचणी एकतर कापून झालेली असते, नाहीतर खाऊन.

माझ्या थोरल्या भावांना सत्तर पुरी झाली. परवानावाला सत्तरीचा झाला की बंदूक वारसाच्या नावावर करून मागता येते, तशी सोय 2016 च्या नियमांत आहे. कागद फिरले, चौकशी झाली आणि भावांची बारा बोअरची एकनळी पुतण्याच्या नावावर आली. मुंबईची नोकरी सोडून आलेला पोरगा, हातात पहिलीच बंदूक. बारा बोअर म्हणजे काय, हे त्याला मी सांगितलं. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या ओतल्या तर त्यातली एक जिच्या नळीत नेमकी बसेल, ती बारा बोअर. त्याने मान हलवली, पण लक्ष मोबाइलात. तिथे तो बंदुकीचे दागिने बघत होता.

आठवड्यात यादी तयार. नळीला लावायची टॉर्च, तिचा चिमटा, दस्त्याला रबरी गादी, लाल ठिपक्याचं लेझर, दुर्बीण, काडतुसांचा कमरपट्टा, खांद्याचा पट्टा. "काकानू, एकेक करून बसवूया," म्हणाला.

मी म्हटलं, "मेल्या, ती बंदूक आसा, गणपतीची आरास न्हय."

दुर्बिणीचं एका वाक्यात मिटलं. छर्‍यांची बंदूक, 30-40 पावलांपलीकडे तिचा भरवसा नाही. तेवढ्यासाठी दुर्बीण कशाला? लेझर तसंच गेलं. रबरी गादीवर मात्र तो अडून बसला. खडकीच्या कारखान्यातलं काडतूस हलकी बंदूक उडवते तेव्हा खांदा चांगलाच सडकून निघतो, हे खरं. पण गादीने दस्ता इंचभर लांब होतो. आमच्या घराण्यातली माणसं बुटकी, हात आखूड. दस्ता लांब झाला की बंदूक खांद्यावर नीट येत नाही, बगलेत अडकते. त्यात पावसाळ्यात अंगावर घोंगडी किंवा प्लास्टिक, त्याला रबर चिकटतं. पुतण्याने भिंतीपुढे उभं राहून दहा वेळा रिकामी बंदूक खांद्याला लावून बघितली आणि गादी आपणच बाजूला ठेवली. हे मला आवडलं. सांगून नाही, करून बघून सोडलं.

मधेच त्याच्या एका मित्राने अक्कल शिकवली, की नळी थोडी कापून घे, झाडीत अडकत नाही. तेव्हा मात्र मी आवाज चढवला. 1959 च्या शस्त्र कायद्यात नळी आखूड करणं हा गुन्हा आहे. पट्टा काढता येतो, टॉर्च काढता येते, कापलेली नळी परत जोडता येत नाही.

राहिली टॉर्च. ती तोवर पार्सलने येऊनही पडली होती, आणि वस्तू खरोखरच झकास. पार माडाच्या शेंड्यापर्यंत उजेड. पुतण्या म्हणाला, "रातीचा हातात बॅटरी धरू की बंदूक?" प्रश्न रास्त होता. दोन हातांत तीन कामं होत नाहीत. म्हणून रात्री दोघांनी जायचं, ही जुनी रीत. एकाच्या हातात उजेड, दुसर्‍याच्या हातात बंदूक.

मी त्याला म्हटलं, "तू बॅटरी जंय मारतलंस, थंयच नळी बघतली."

त्याला ते तेव्हा पटलं नाही. गेल्या भाद्रपदात नाचणीत खसखस झाली म्हणून आम्ही दोघं उठलो. टॉर्च माझ्या हातात. बंदूक त्याच्या कोपरावर उघडी मोडलेली, काडतुसं खिशात. उजेड टाकला तर बांधाशी काळा गोळा, न हलणारा. गुरं असती तर डोळे चमकले असते. डुकराचे डोळे तसे चमकत नाहीत. आणि माणसाचेही चमकत नाहीत, ही गोष्ट आधी ध्यानात येत नाही. पुतण्याचा हात खिशाकडे गेला. तेवढ्यात गोळा बोलला, "मी आसंय रे, मी!" शेजारचे आबा होते. आपल्या खोपीत राखणीला आलेले, पोट बिघडलं म्हणून घोंगडी डोक्यावर घेऊन बसलेले. आपली बॅटरी संपू नये म्हणून विझवून.

टॉर्च नळीला असती, तर आबांना ओळखायच्या आधी आबांवर नळी रोखावी लागली असती. भरलेली की रिकामी, तो पुढचा प्रश्न. डुकराच्या भरवशाने माणसावर बार गेल्याच्या बातम्या आमच्या जिल्ह्यात काही नवीन नाहीत. त्यातल्या प्रत्येक घरात उजेड होताच. घरी येईपर्यंत पुतण्या एक शब्द बोलला नाही. दुसर्‍या दिवशी टॉर्चचा चिमटा त्याने गोठ्यातल्या पाण्याच्या पाइपाला लावला. तिथे तो बरोबर बसला.

शेवटी बंदुकीवर काय चढलं, तर खांद्याचा एक कापडी पट्टा. व्हाळ ओलांडताना दोन्ही हात मोकळे राहतात, बांध चढताना आधार घेता येतो. त्याला माझी ना नव्हतीच. कमरपट्टाही घेतला असता, पण दोन काडतुसांना खिसा पुरतो.

मग निवडणूक लागली आणि नेहमीसारख्या बंदुका ठाण्यात जमा झाल्या. हवालदारांनी परवाना उघडून नळीवरचा नंबर ताडून पाहिला, वहीत लिहिला आणि पट्ट्याकडे बोट दाखवलं. "याची नोंद नाय. घेऊन जा, मग हरवला म्हणून माझ्याकडे येऊ नकोस." पुतण्या पट्टा खांद्यावर टाकून परत आला. सध्या वहिनी त्याने गवताचा भारा बांधतात. निकाल लागून बंदूक घरी आली की तो मागून घ्यावा लागेल, आणि वहिनी सहज देतील असं दिसत नाही.