ट्रॉलीवरून दिसलेला मुलूख
(बी. ए. द्वितीय वर्ष)

आपल्या वार्षिकांकात दरवर्षी एक तरी प्रवासवर्णन असतंच. कुणी सहलीबरोबर वेरूळ-अजिंठ्याला जाऊन आलेलं असतं, कुणी कोकणात जाऊन पहिल्यांदा समुद्र पाहिलेला असतो. ते वाचायला मलाही आवडतं. मागच्या वर्षी वर्गात पु. ल. देशपांड्यांच्या 'अपूर्वाई'चा विषय निघाला, तेव्हा सर म्हणाले, "प्रवासवर्णन लिहायचं तर आधी प्रवास करावा लागतो." माझ्या मनात आलं, प्रवास तर आपण भरपूर केलाय. वयाच्या चौथ्या वर्षापासून अकराव्या वर्षापर्यंत, दरसाल दोनदा. एकदा जाण्याचा, एकदा येण्याचा. बार्शी, कुर्डुवाडी, पंढरपूर, सांगोला, कवठेमहांकाळ, मिरज, शिरोळ ही नावं मला पाढ्यांच्याही आधी पाठ झाली होती. फक्त आमच्या प्रवासाला कुणी सहल म्हणत नसत. 'तोडीला जाणं' म्हणत.

आमचं गाव येरमाळ्याजवळ, बालाघाटाच्या उंचवट्यावर. जमीन अडीच एकर, तीही मुरमाड. पावसानं साथ दिली तर सोयाबीन घरात येतं, नाहीतर बियाण्याचेही पैसे निघत नाहीत. मग दसरा झाला की मुकादमाचा ट्रॅक्टर गावात येतो. उन्हाळ्या-पावसाळ्यातच त्यानं उचल दिलेली असते. उचल म्हणजे आगाऊ रक्कम. ती लग्नात, दवाखान्यात नाहीतर जुन्या देण्यात केव्हाच संपून गेलेली असते. हंगामभर ऊस तोडून ती फेडायची. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. माणसांची अशी मोजदाद मी पुढं कुठल्याच पुस्तकात वाचली नाही.

धाराशिव जिल्ह्यात साखर कारखाने नाहीत असं नाही. ढोकीचा तेरणा कारखाना तर जुना आणि नावाजलेला. लहानपणी मी दादांना विचारलं होतं, "मग आपण इतक्या लांब का जातो?" दादांच्या आधी मुकादमच बोलला, "जवळचा माणूस सणावाराला घरी पळतो, पोरी. लांबचा जागेवर राहतो." अर्थशास्त्राच्या तासाला स्थलांतराची कारणं लिहून घेताना मला हे वाक्य आठवलं. पुस्तकातल्या यादीत ते नव्हतं.

ट्रॉली भरणं ही एक कलाच आहे. तळाला ज्वारीची पोती आणि सरपण. त्यावर पत्र्याची पेटी, भांडी, घागरी, ताडपत्री, कोपीच्या चटया. कडेला शेळी बांधायची, कोंबड्या पाटीखाली झाकायच्या. सगळ्यांत वर वाकळा, आणि वाकळांवर आम्ही पोरं. एका ट्रॉलीत चार-पाच संसार असत, पण कुणाची कळशी कुणाच्या पोत्याखाली आहे हे आईला अंधारातही सांगता यायचं. हॉटेल नाही, तिकीट नाही. इतका स्वस्त प्रवास दुसरा नसेल! उलट प्रवासाआधीच आपल्याला पैसे मिळालेले. ते कसे फेडायचे हा भाग मात्र सहलीच्या जमाखर्चात बसत नाही.

ट्रॉलीवरून जग उंचावरून दिसतं. बसमधल्या माणसाला घराचं दार दिसतं. आम्हांला भिंतीपलीकडचं अंगण दिसायचं, वाळत घातलेले पापड दिसायचे, माळवदावर अभ्यास करणारी मुलं दिसायची. अडीचशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता आणि दोन मुक्काम. बार्शीच्या बाहेर चहा व्हायचा. कुर्डुवाडीला रेल्वे दिसेल म्हणून आम्ही जागे राहायचो. पुढं सांगोल्याकडं डाळिंबाच्या बागा, कवठेमहांकाळकडं द्राक्षांचे मांडव. मिरज तंतुवाद्यांसाठी प्रसिद्ध आहे हे मला अकरावीत कळलं. तोवर माझ्या लेखी मिरज म्हणजे दवाखान्यांच्या पाट्या. मिरज सोडून कृष्णेच्या बाजूला आलं की माती काळी होत जायची आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना उसाच्या हिरव्या भिंती उभ्या राहायच्या. मग ट्रॉलीतलं बोलणं आपोआप थांबायचं.

पंढरपूरला चंद्रभागेच्या पुलावर बाया ट्रॉलीतूनच हात जोडायच्या. कार्तिकीचे दिवस असले तर वाटेत वारकरी भेटत. त्यांचंही बिऱ्हाड टेम्पोत, त्यांचाही स्वयंपाक तीन दगडांवर, तेही माळावरच झोपायचे. वाट एक, धूळ एक. पण एका गावात लोक वारकऱ्यांना हाताला धरून पंगतीला बसवत होते, आणि त्याच गावात त्याच संध्याकाळी आमच्या ट्रॉलीला शाळेच्या मैदानावर थांबू दिलं नाही. "पुढं जा, पुढं," एवढंच. आजी म्हणाली, "त्यांच्या गळ्यात माळ हाय, आपल्या हातात कोयता हाय." आजीला राग आलेला नव्हता. तिनं फक्त फरक सांगितला.

मुक्कामाला पोचलं की रिकाम्या रानात कोप्या उभ्या राहायच्या. बांबूच्या कांबी, चटया, वर ताडपत्री. वाकूनच आत जायचं. आई-दादा पहाटे तीन-चारला फडावर जायचे. दादा तोडायचे, आई मोळ्या बांधायची आणि डोक्यावरून वाहून गाडीत भरायची. उसाचं वाढं विकून मीठमिरची सुटायची. मी कोपीत धाकट्या बहिणीला सांभाळायचे. जवळच्या गावातल्या शाळेत आम्हांला बसू देत, पण हजेरीत आमची नावं नसत. गुरुजी नवा धडा शिकवत असले की मला वाटायचं, हा धडा आपल्या गावातही शिकवून झाला असेल का? माघारी येईपर्यंत तिकडं परीक्षा तोंडावर आलेली असायची. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी एके काळी साखरशाळा होत्या. आमच्या वाट्याला त्या आल्या नाहीत. मी पाचवीत गेले तेव्हा आजीनं ठरवलं, "आता ही माझ्यापाशी राहील." त्या एका वाक्यावर मी आज या महाविद्यालयात आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली.

यंदा इंग्रजीच्या सरांनी आम्हांला 'नोमॅडलँड' हा २०२० सालचा अमेरिकन चित्रपट दाखवला. जेसिका ब्रूडर यांच्या २०१७ च्या पुस्तकावर तो बेतला आहे. त्यातली म्हातारी माणसं गाडीलाच घर करून राहतात आणि हंगामाप्रमाणे काम शोधत हिंडतात. एक प्रसंग साखरेच्या बिटाच्या कामाचा आहे. मी खुर्चीत ताठ बसले. अमेरिकेत साखर या बिटाच्या कंदापासूनही होते. मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटा या राज्यांच्या सीमेवर रेड नदीचं खोरं आहे. तिथं ऑक्टोबरात, जमीन गोठण्याच्या आत, बीट काढून ढिगाला लावायची घाई असते. बारा-बारा तासांच्या पाळ्या असतात, आणि दूरदूरहून माणसं आपली फिरती घरं घेऊन येतात. म्हणजे सातासमुद्रापलीकडंही साखरेच्या पायी बिऱ्हाडं हलतात तर!

शेजारची मैत्रीण म्हणाली, "किती छान ना, गाडीत घर!" मी काही बोलले नाही. ती माणसं सुखात आहेत असं चित्रपटही म्हणत नाही. म्हातारपणी घर गेलेली माणसं ती. पण त्यांच्या मुक्कामाला वीज-पाण्याची जोडणी मिळते आणि हंगाम काही आठवड्यांत संपतो. आमचा हंगाम पाच-सहा महिन्यांचा, आणि आमच्या गाडीत पोरं असतात. मला मोठा फरक तोच वाटतो. म्हातारा माणूस गाडीत बसतो तेव्हा त्याची शाळा होऊन गेलेली असते.

सरकारदरबारी काही झालं नाही असं मी म्हणणार नाही. मुलांसाठी हंगामी वसतिगृहं निघाली. २०२१ मध्ये संत भगवानबाबांच्या नावानं ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी शासकीय वसतिगृहांची योजना जाहीर झाली. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. दादांनी ती बोटांवर मोजून पाहिली आणि म्हणाले, "उचल जरा लवकर फिटंल."

या आषाढात आजी गेली. बहीण नववीत आहे. तिला ठेवायचं कुणापाशी, हा प्रश्न दिवसकार्य आटोपायच्या आतच घरात उभा राहिला. संगं न्यावं तर शाळा सुटते, आणि वयात आलेली पोर कोपीत ठेवायची तर आईला रात्रभर झोप नाही. नात्यातल्या एका काकांनी तिसरा मार्ग सुचवला, "पुढच्या साली पंधरा पूर्ण होईल. एक स्थळ बघून ठेवतो. जोडपं झालं की कोयताबी झाला." आमच्याकडं पुष्कळ मुलींची शाळा अशीच संपते. आई चुलीपाशी बसली होती. तिनं काकांकडं पाहिलंही नाही, मला म्हणाली, "तुझं कॉलेज किती वाजता सुटतंय?"

आई काय विचारते आहे ते मला कळलं. मी वसतिगृह सोडलं. आता गावातच राहते आणि एस. टी. नं ये-जा करते. मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळं ते परवडतं. सकाळी दोघींच्या भाकरी, बहिणीला शाळेत सोडणं, मग फाट्यावर येणं. पहिला तास बहुधा बुडतो. मैत्रिणींच्या वह्या आणि प्राध्यापकांची समजूत यांच्यावर माझं हे वर्ष चाललं आहे, त्याबद्दल इथंच आभार मानते. संध्याकाळी येरमाळ्याच्या डोंगरावर देवीचा दिवा दिसला की घर जवळ आलं. बहीण ओसरीवर गणितं सोडवत बसलेली असते. तिला वाटतं, मी तिच्यावर पहारा ठेवायला आले आहे. वाटू द्यावं.

दसऱ्यानंतर ट्रॉली आली तेव्हा तिनं मला विचारलं, "अक्का, मिरजंच्या पुढं काय काय लागतं गं?" ती लहान होती, तिला रस्ता आठवत नाही. मी सांगितलं नाही. नकाशाचं पुस्तक काढून दिलं आणि म्हटलं, "शोध." तिनं शिरोळ शोधून काढलं, त्याभोवती पेन्सिलीनं गोल केला, आणि आपल्या गावापासून किती अंतर पडतं ते सुतळीनं मोजलं. गणितात ती माझ्यापेक्षा हुशार आहे.

हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा आई-दादा अजून फडातच असतील. दर रविवारी रात्री फोन येतो. आई आधी विचारते, "जेवलात का?" आणि मग विचारते, "ती शाळेत जातीय ना?" आजवर दर रविवारी मला 'हो' म्हणता आलं आहे. परीक्षेला अजून काही रविवार बाकी आहेत.