सुट्टी कोणी दिली?

नवीन वर्षाची दिनदर्शिका भिंतीवर लागली की घरातली मुले आधी लाल आकडे मोजतात. किती सुट्ट्या रविवारी वाया गेल्या, यावर वाद रंगतो. हे लाल आकडे आले कोठून, असे मात्र कोणी विचारीत नाही. शाळेच्या पुस्तकातही ते नसते. म्हणून हा लेखप्रपंच.

आधी रविवारच घ्या. पुष्कळांना वाटते की साहेबाला चर्चमध्ये जायचे होते, म्हणून आपल्यालाही रविवार मिळाला. साहेबाच्या कचेरीला रविवार होता हे खरे, पण गिरणीतल्या माणसाला तो नव्हता. दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत सांचा चालायचा आणि माणूस त्याला बांधलेला. हे मोडायला उभे राहिले नारायण मेघाजी लोखंडे. जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक, ‘दीनबंधु’चे संपादक. 1884 साली त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची सभा भरवली आणि साडेपाच हजार सह्यांचे निवेदन दिले. मागण्या काय होत्या? रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत. आज वाचताना वाटते, एवढेच मागत होते! पण या एवढ्यासाठी सहा वर्षे झगडावे लागले. 24 एप्रिल 1890 रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार बायाही बोलल्या, हे आमच्या भगिनींनी मुद्दाम ध्यानात ठेवावे. 10 जून 1890 रोजी मालकांनी रविवार मान्य केला. पुढच्या वर्षी सरकारने कारखान्यांच्या कायद्यात आठवड्याची सुट्टी घातली. 1897 च्या प्लेगात लोकांची सेवा करताना लोखंडे गेले. त्यांच्या नावाचे टपाल तिकीट निघायला 2005 साल उजाडावे लागले.

सोलापुरात जुनी मिल 1877 ला सुरू झाली होती. भोंग्यावर उठणारे, भोंग्यावर जेवणारे हे गाव. आमच्या वाडवडिलांच्या वाट्याला रविवार आला तो या लढ्यामुळे. त्या दिवशी डोक्यावरून पाणी घ्यायचे, पोरांना जवळ बसवायचे, तक्क्यात मंडळींबरोबर बसायचे. चळवळीच्या बैठकासुद्धा रविवारीच होत. एरवी माणसे मिळणार कोठून?

आता 14 एप्रिल. बाबासाहेबांची पहिली सार्वजनिक जयंती 1928 साली पुण्यात जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी साजरी केली, असे सांगतात. तेव्हा कोणते सरकार या दिवसाची सुट्टी देणार होते? आमच्या घरातली वडीलधारी माणसे सांगत, की गिरणीत त्या दिवशी सरळ खाडा करायचा. जॉबर तोंड वाकडे करायचा, एका दिवसाची मजुरी जायची. तरी निळा झेंडा घेऊन माणसे निघायचीच. कॅलेंडरात तो आकडा लाल झाला तो फार पुढे. आधी लोकांनी दिवस पाळला, मग सरकारने छापला.

अमेरिकेतही हेच घडलेले दिसते. तिथल्या कामगारांनी 5 सप्टेंबर 1882 रोजी न्यूयॉर्कमध्ये पगारावर पाणी सोडून मोर्चा काढला. सरकारी सुट्टी झाली 1894 साली. गंमत अशी, की 1 मेचा कामगार दिन ज्या शिकागोच्या लढ्यातून जन्मला, त्या देशात तो सुट्टीचा दिवस नाहीच!

पण आम्हांला जवळची वाटते ती मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जयंतीची कथा. 1968 साली मेम्फिस शहरात कचरा उचलणाऱ्या सुमारे तेराशे काळ्या कामगारांनी संप केला. ‘मी माणूस आहे’ एवढेच लिहिलेले फलक ते धरून उभे राहिले. त्यांच्या पाठीशी उभे राहायला गेले असताना 4 एप्रिलला किंग यांचा खून झाला. चारच दिवसांत त्यांच्या जयंतीच्या सुट्टीचे विधेयक संसदेत आले आणि पडून राहिले. कामगार संघटना थांबल्या नाहीत. त्यांनी मालकांशी करार करतानाच ही सुट्टी मागून घेतली. साठ लाख सह्या जमा झाल्या. 1983 साली कायदा झाला, 1986 पासून सुट्टी सुरू झाली, आणि सगळ्या पन्नास राज्यांनी ती मानायला 2000 साल उजाडले. गुलामीतून सुटकेचा दिवस 19 जून तर टेक्सासमधले काळे लोक 1866 पासून पाळत होते. देशाची सुट्टी झाली 2021 मध्ये.

तरीही लाल आकडा सर्वांसाठी लाल नसतो. अमेरिकेत खासगी मालकाने या दिवसाचा पगार द्यावाच, असा देशाचा कायदा नाही. आपल्याकडे राज्य सरकार सुट्ट्यांची यादी काढते ती 1881 च्या हुंडी-चेकच्या कायद्याखाली. बँका आणि कचेऱ्या बंद होतात, पगार चालू राहतो. पण आमच्या सोलापुरात घरी विड्या वळणाऱ्या बाईचे काय? तिची मजुरी हजार विड्यांवर. वळल्या तर पैसे, नाही तर नाही. यंत्रमागावर कापडाच्या हिशेबाने राबणाऱ्याचीही तीच गत. युनियनच्या पुढाऱ्यांनी महागाई भत्त्याबरोबर हाही प्रश्न धरावा, असे आम्हांला वाटते. लोखंड्यांनी सह्या घेतल्या तेव्हा गिरणी कामगारही असेच बिनसुट्टीचे होते.

तोवर आमच्या वस्तीतल्या भगिनींनी आपली वाट काढली आहे. 13 एप्रिलच्या रात्री दिव्याखाली सूप मांडीवर घेऊन त्या उद्याच्या विड्या वळून ठेवतात, म्हणजे 14 तारखेला मिरवणुकीत चालायला हात मोकळे राहतात.